येतानाचा वेळ

१

मी काळजी करणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर बाकीचे सांगतीलच. मुलगी झाली तेव्हा तिचा श्वास चालू आहे ना हे बघायला मी तिच्या नाकाखाली पावडरच्या डबीतला आरसा धरायची. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्या थेंबांच्या औषधाखाली लिहून दिलं होतं : 'आईसाठी – झोप.' तो कागद नवऱ्याने फ्रिजवर लावला. अजून तिथेच आहे.

अशा बाईने काय नोकरी करावी? मी घरी बसून अंतरं तपासते. प्रवासाची माहिती देणारी एक वेबसाइट आहे. या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत किती अंतर, विमानाला किती वेळ लागतो, असं लोक विचारतात. आणि त्यांना उत्तर मिळावं म्हणून विमानतळांच्या प्रत्येक जोडीचं एक पान असतं. हिशेब साधा आहे. हवाई अंतर घ्यायचं, विमानाच्या वेगाने भागायचं, वर उडण्या-उतरण्याचा अर्धा तास टाकायचा. तोही कॉम्प्युटरच करतो. मी फक्त बघायचं, की वाळवंटातल्या धावपट्टीला कुठलं बेट तर चिकटलेलं नाही. मुलगी झाल्यापासून मी विमानात पाऊल ठेवलेलं नाही, पण जगातली कुठलीही दोन गावं सांगा, मी चहा गाळता गाळता वेळ सांगेन.

नवऱ्याची नोकरी दुसऱ्या शहरात. त्याची आईही तिथेच असते, म्हणून मी त्या शहराला त्याचं माहेर म्हणते. रविवारी संध्याकाळी तो माहेरी जातो, शुक्रवारी दुपारी सासरी परत येतो. मधे सव्वा तासाचं विमान. बदलीचा अर्ज कधीचा दिलेला आहे, आणि अर्ज जसे असतात तसा तो आहे.

आमची मुलगी तीन वर्षांची. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण साखरेचा डबा कुठेही ठेवा, तिला सापडतो. तिला 'क' म्हणता येत नव्हता. "बाबा तुथे?" असं ती दिवसातून चारदा विचारायची आणि मी म्हणायची, "सव्वा तासावर." शेवटी ते गावाचंच नाव आहे असं तिने धरलं. पाळणाघरात सगळ्यांना सांगायची, "माझा बाबा सव्वातासला गेलाय."

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी विमानतळावर जायचो. बाहेर येणाऱ्यांसाठी काचेचा सरकता दरवाजा आहे, त्याच्यासमोर लोखंडी कठडा. मुंगी कठड्याच्या खालच्या दांडीवर उभी राहायची. दरवाजा सरकला की ओरडायची. कोणीही बाहेर आलं तरी ओरडायची, त्यामुळे बऱ्याच अनोळखी माणसांचं त्या विमानतळावर फार प्रेमाने स्वागत झालेलं आहे.

२

सुरुवात नखांपासून झाली.

रविवारी निघण्याआधी नवरा गॅलरीत वर्तमानपत्र पसरून नखं कापतो. आधी स्वतःची, मग मुंगीची. तो त्यांचा दोघांचा कार्यक्रम. मला तिथे प्रवेश नाही, कारण मी "हळू, हळू" करते. त्या शुक्रवारी त्याने तिला कठड्यावरून उचललं आणि ती कळवळली. तिच्या गालावर बारीक ओरखडा उठला होता.

"नखं बघ तुझी," मी म्हटलं. "रविवारी कापली नव्हतीस का?"

"कापली की. हिने बघितलंय."

"मग ही काय?"

त्याने दोन्ही हात समोर धरून बघितले. दुसऱ्या कोणाची वस्तू चुकून आपल्याकडे आली असावी, तसे. नखं बोटांच्या बरीच पुढे आलेली होती. आजारी माणसाची वाढू दिलेली असतात ना, तशी.

"वाढली असतील," तो म्हणाला.

घरी आल्यावर मी शोधलं. काही लोकांची नखं भराभर वाढतात म्हणे. उन्हाळ्यात जास्त. मी ठरवलं, की रविवारी त्याने फक्त मुंगीचीच कापली असतील आणि मी लक्ष दिलं नसेल. आपलीच आठवण चुकली म्हणणं नेहमी स्वस्त पडतं. मी ते बऱ्याचदा म्हणते.

३

मग शर्ट.

ताईने, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीने, त्याला वाढदिवसाला निळा शर्ट पाठवला होता. त्याची किमतीची चिठ्ठी मी रविवारी दातांनी तोडली, कारण कात्री मुंगीने कुठेतरी पेरून ठेवली होती. परत येताना घालीन म्हणून त्याने तो बॅगेत सगळ्यात वर ठेवला. नवीन बुटांचा जोडही तसाच, परत येतानासाठी, बॅगेत टाकला.

शुक्रवारी तो त्या शर्टात बाहेर आला, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. शनिवारी धुवायला घेतला तेव्हा वाटलं. डावी बाही विटून गेली होती. वर्षानुवर्षं खिडकीत टांगलेल्या पडद्याची बाहेरची बाजू विटते, तशी. उजवी बाही निळीच होती, पण तिच्या कोपराशी कापड इतकं झिरझिरीत झालं होतं, की आत घातलेली माझी बोटं दिसत होती. खुर्चीच्या हातावर कोपर घासून होतं तसं.

मी दिवाणखान्यात आले. तो मुंगीला घोडा झाला होता. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू काळवंडली होती. फक्त डावी.

मग मी चपलांच्या कपाटापाशी गेले आणि त्याचे बूट उलटे करून बघितले. तळ कोरे होते. दुकानाची चिकटपट्टीसुद्धा अर्धी जागेवर होती.

एका हातात शर्ट, एका हातात बूट, अशी मी न्हाणीघरात स्टुलावर बसले. मी शिकलेली बाई आहे. मी स्वतःला म्हटलं, रंग कच्चा असेल. कापड हलकं असेल. ताई सेलमधून घेते. ऊन तर खिडकीतून सगळ्यांनाच लागतं. सव्वा तास लागतं.

बुटांबद्दल मात्र मला काही सुचेना. खूप वापरलेला शर्ट आणि न वापरलेले बूट. एवढाच अर्थ निघत होता, की हा माणूस खूप काळ कुठेतरी बसून होता.

४

"दुसरी कोणी असेल असं वाटतंय का तुला?" ताईने फोनवर विचारलं.

"तसं असतं तर बरं होतं."

"अगं भवाने."

"नाही गं, खरंच. तसं काही असतं तर माणूस घरी आल्यावर चिडचिड करतो. हा येतो आणि... ताई, हा घरातल्या वस्तूंना हात लावत हिंडतो. काल भिंतीवरून हात फिरवत आत गेला. स्वयंपाकघर समजून न्हाणीघराचं दार उघडलं. मुंगीला मांडीवर घेतलं आणि तिच्या डोक्याचा वास घेत बसला. डोळ्यांत पाणी."

"म्हणजे नवरा प्रेमाने वागतोय, म्हणून तू रडतेयस. तुझ्यासारखी तूच. माझा घरी आला की आधी पंखा लावतो, मग मला बघतो."

मी हसले. ताईशी बोललं की दहा मिनिटं सगळं ठीक असतं.

पण तिला मी जे सांगितलं नाही, ते हे : तो आता बसून झोपायचा. पलंगावर उशी उभी करून, पाठ ताठ, दोन्ही हात मांड्यांच्या बाजूला, कशावर तरी टेकल्यासारखे. जेवताना कोपरं अंगाशी धरायचा, शेजारी कोणी दाटीने बसलंय तसा. डावीकडून ऊन आलं की न बघता हात वर जायचा आणि खाली यायचा. खिडकीवर नसलेलं झाकण ओढायचा. शुक्रवारी हे सगळं जास्त असायचं. शनिवारी कमी. रविवारपर्यंत तो पुन्हा माझा नवरा व्हायचा, आणि मग रविवारी जायची वेळ व्हायची.

एका शनिवारी सकाळी मी शर्ट त्याच्यासमोर ठेवला.

"खरं सांग. काय होतं?"

"कुठे?"

"विमानात."

"काय होणार? बसतो."

"सव्वा तासच ना?"

त्याने शर्टाची बाही उलटसुलट करून बघितली. "उतरल्यावर घड्याळात तेवढाच झालेला असतो," तो म्हणाला.

"आणि जाताना?"

"जाताना काही नाही. जाताना चहा येईपर्यंत पोचतो."

पुढचा प्रश्न मला येत होता आणि तो विचारायचा नव्हता. त्याने शर्टाची नीट घडी घातली, नव्या शर्टाची घालतात तशी, आणि कपाटात ठेवून दिला.

"एकट्याला कंटाळा येतो गं फार," तो म्हणाला.

"पुस्तक ने ना एखादं."

"वाचून झालं."

"कुठलं?"

"होतं ते."

५

कामाच्या वेळात मी आमच्या दोन शहरांच्या जोडीचं पान उघडलं. खरं म्हणजे ती दोन पानं असतात, एक जाण्याचं, एक येण्याचं. अंतर तेच, वेळ तोच. प्रत्येक पानाच्या तळाशी एक प्रश्न असतो : 'ही माहिती बरोबर आहे का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. लोक सहसा कुठलंच दाबत नाहीत. उत्तर मिळालं की कोण मागे वळून बघतो?

जाण्याच्या पानावर काही नव्हतं. येण्याच्या पानावर 'नाही' दाबणाऱ्यांची रांग लागली होती.

मी आमच्या गटप्रमुख बाईंना फोन लावला. त्यांना आम्ही पाठीमागे कप्तान म्हणतो.

"अगं, समोरून वारा असतो," कप्तान म्हणाल्या. "येताना थोडं जास्त लागतं. दहा मिनिटं वाढव आणि सोड."

"इतक्या लोकांनी दहा मिनिटांसाठी बटण दाबलं असेल?"

"लोक काय, लोक लिफ्टचं बटणही चार-चारदा दाबतात. तू मनाला लावून घेऊ नकोस. मागे त्या बेटाच्या वेळी पण तू असंच केलं होतंस."

"ते बेट खरंच बुडालं होतं."

"ते जाऊ दे."

मी दहा मिनिटं वाढवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'नाही'. शेवटी एकाने, की एकीने, खाली लिहिलं. बहुतेक कोणी लिहीत नाही; लिहायची जागा आहे हेच लोकांना माहीत नसतं.

'माझी आई या विमानाने आली. येतानाचा वेळ परत मोजा.'

मी नियमाप्रमाणे उत्तर पाठवलं. 'कळवल्याबद्दल आभार. नेमका किती वेळ लागला ते कृपया सांगावे.'

जेवून येईपर्यंत उत्तर आलेलं होतं.

'आईला आता सांगता येत नाही.'

मी कॉम्प्युटर बंद केला आणि मुंगीला पाळणाघरातून लवकर आणलं. संध्याकाळभर तिला कडेवरून खाली ठेवलं नाही. ती म्हणाली, "आई, मला थाली सोड, मला ताम आहे." तिला कसलं काम होतं देव जाणे. मी सोडलं.

६

त्याच सुमाराला सासूबाईंनी अंथरूण धरलं. डोळे मिटायच्या आत नातीला बघायचंय, असं त्या नात व्हायच्या आधीपासून म्हणत आलेल्या होत्या. आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. या वेळी त्या ते म्हणाल्या नाहीत. नुसतं "मुंगी कशी आहे?" विचारलं आणि फोन ठेवून दिला. मग आम्हाला कळलं.

"या रविवारी मी हिला घेऊन जातो," नवरा म्हणाला. "आठवडाभर आईपाशी राहील. शेजारच्या वहिनी आहेत बघायला. शुक्रवारी येऊच."

माझी रजा मुंगीच्या तापात संपलेली होती. कप्तानना विचारलं, त्यांनी एवढा दीर्घ सुस्कारा टाकला, की मीच म्हटलं राहू दे.

"जाताना विमानाने जा," मी म्हटलं. "येताना रेल्वेने ये."

"अगं, अख्खी रात्र लागते रेल्वेला."

"लागू दे."

"लहान मूल घेऊन?"

"लहान मूल आहे म्हणूनच."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या कानांवरचे केस पिकले होते. कधी पिकले हे मी विचारलं नाही. आमच्या लग्नात आम्ही दोघं एका वयाचे होतो. आता विमानतळावर लोक मला बाजूला करून त्याला वाट द्यायचे, आधी तुमच्या वडिलांना जाऊ द्या म्हणून. आम्ही त्यावर विनोद करायचो. निदान तो करायचा.

"तू काळजी करतेस," तो म्हणाला. सगळे म्हणतात तसं नाही म्हणाला. फार हळू म्हणाला, माझी कीव आल्यासारखा.

"शब्द दे मला."

"दिला."

"तिच्या डोक्यावर हात ठेवून सांग."

मुंगी त्याच्या पायाशी बसून सोलायचं नसलेलं केळं सोलत होती. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात बराच वेळ तिथेच होता. बोलला मात्र नाही, आणि तेवढ्यात दाराशी टॅक्सी येऊन थांबली.

७

आठवडा चांगला गेला. रोज फोन यायचा. सासूबाई उठून बसल्या होत्या. मुंगी त्यांना साखर भरवत होती. डॉक्टरांनी बंद केलेली साखर, पण नातीच्या हातून कोण नाही म्हणणार. "आई, आजीला दात नाहीत," तिने मला बातमी दिली. मी विचारलं, "मी कुठे आहे सांग?" ती म्हणाली, "तू सव्वातासला आहेस." बरोबरच होतं तिचं. तिकडून मी सव्वा तासावर होते.

शुक्रवारी दुपारी मी काम करत होते. त्यांची रेल्वे संध्याकाळी सुटणार होती. फोन वाजला म्हणून बघितलं, तर नवऱ्याने फोटो पाठवला होता.

मुंगी खिडकीपाशी बसलेली. डावीकडची खिडकी. पिवळा फ्रॉक, पोटावर पट्टा, पाय सीटच्या टोकापर्यंतही पोचत नाहीत. तिचा चेहरा उन्हाने उजळलेला आणि ती हसत होती. खाली लिहिलं होतं : 'बसलो. काळजी करू नकोस.'

मी फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. मग एखाद्या वेडीसारखी रेल्वेच्या चौकशीत शिरले. गाडी रद्द झाली असेल, दरड कोसळली असेल, काहीतरी झालं असेल. काही झालं नव्हतं. गाडी वेळेवर होती. जागाही होत्या.

मग मला त्याचा आवाज आठवला, कंटाळा येतो म्हणतानाचा. आणि तो तिच्या डोक्यावर ठेवलेला हात. मला त्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. ते आणखी वाईट होतं. मला एवढंच दिसत होतं, की त्या खिडकीत तो कितीतरी काळ एकटा बसलेला आहे आणि शेजारची जागा रिकामी आहे. मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारलं नाही. आजही विचारत नाही.

मी तिचा स्वेटर घेतला, दुधाची बाटली घेतली आणि टॅक्सी पकडली. फोनवर ते विमान दिसत होतं. नकाशावर एक बारीक बाण, सरळ रेषेत, ठरल्या वेगाने इकडे सरकणारा. कुठे थांबत नव्हता, वळत नव्हता. हवाई अंतर भागिले वेग. मी तो बाण इतका वेळ बघितला, की टॅक्सीवाला म्हणाला, "ताई, पोचलोय आपण."

कठड्याशी गर्दी होती. इतके दिवस मी इथे येत होते, पण फक्त दरवाजाकडे बघायची. आज लोकांकडे बघितलं. कोणी बोलत नव्हतं. फुलं नव्हती, नावाच्या पाट्या नव्हत्या. एका माणसाने घडीची चाकांची खुर्ची आणली होती. एका तरुण मुलीच्या हातात फोटो होता. फोटो दाखवायला आणला होता की ओळखायला, ते मला कळेना.

शेजारी एक बाई उभी होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. "तुमचं कोण?" तिने विचारलं.

"नवरा. आणि मुलगी."

"मुलगी पहिल्यांदाच?"

"हो."

"केवढी आहे?"

"तीन वर्षांची."

तिने माझ्या हातातल्या दुधाच्या बाटलीकडे बघितलं. मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "तुम्ही पाणी प्या थोडं."

"विमान वेळेवर आहे ना?" मी विचारलं.

"नेहमी असतं," ती म्हणाली.

८

दरवाजा सरकला.

आतून एक लांब, उजेडाने भरलेली वाट दिसते. माणसं येत होती ती हळूहळू, पाय उचलताना विचार करत, चालणं पुन्हा आठवावं लागल्यासारखी. एक म्हातारा आला; चाकांच्या खुर्चीवाला माणूस पुढे झाला आणि म्हणाला, "दादा." मोठ्या भावाला म्हणतात तसं. दरवाजा मिटला. पुन्हा सरकला. शेजारच्या बाईचं माणूस आलं. तिने त्याच्याकडे बघितलं, पदर सावरला आणि गेली. माझ्याकडे वळून बघितलं नाही. मला वाटतं, मुद्दाम.

मी डोळे दारावर ठेवले आणि मनात जोडत गेले. काही नसेल. नखं वाढली असतील. फ्रॉक विटला असेल. विटू दे, दुसरा घेऊ. केस थोडे वाढले असतील. मुलं काय, बघता बघता वाढतात, सगळेच म्हणतात. मी फार काळजी करते. घरी गेल्यावर हसायला होईल. ताईला सांगेन, ताई म्हणेल, भवाने.

दरवाजा सरकला आणि पार आत, वाटेच्या टोकाशी, मला ते दोघं दिसले.

तो वाकला होता. केस पांढरे होते. तो तिला घेऊन चालत नव्हता. ती त्याला हाताला धरून आणत होती. त्याचा कोट तिच्या अंगावर होता आणि तो तिला फार मोठा होत नव्हता. कोटाखाली पिवळं काहीतरी, पोटापर्यंतच पोचणारं. लांब वेणी घातलेली होती, पुरुषाने शिकून घातलेली असते तशी, वर सैल आणि खाली घट्ट. उजेड मागून होता म्हणून चेहरा नीट दिसला नाही. मधे दरवाजा मिटला. काचेत मला माझाच चेहरा दिसला. सकाळी होता तोच.

पुन्हा सरकला तेव्हा ते दोघं समोर होते. तो खाली झुकून तिच्या कानात काहीतरी सांगत होता आणि माझ्याकडे बोट दाखवत होता. ती मान हलवत होती. पाठ केलेलं काहीतरी आठवून बघत होती.

मला पुढे जायचं होतं, म्हणून मी कठड्याखालून गेले. मी हात पसरले आणि गुडघ्यांवर बसले, रोज पाळणाघराच्या दारात बसते तशी. ती धावत येते आणि बरोबर गळ्याशी आदळते, त्या उंचीवर.

समोर दोन गुडघे आले. लांब, हाडकुळे, उन्हाने डावीकडून रापलेले. एका गुडघ्यावर मोठा व्रण होता. खोल लागलं असणार. रक्त आलं असणार, खपली धरली असणार, खाजली असणार, कोणीतरी त्यावर फुंकर घातली असणार. कडा पांढऱ्या पडून गेल्या होत्या.

मी त्या व्रणावर हात ठेवला आणि विचारलं, "हे कधी गं लागलं?"

आधी तिने बाबाकडे बघितलं. मग अनोळखी बाई रडत असली की चांगली मुलं जशी समजूत घालतात, तशी ती जराशी वाकली.

"रडू नका," ती म्हणाली. "ते कधीचंच बरं झालंय."